माइक बंद करायचा नाही

त्या आवाजाला मी पिक्चरचं नाव दिलं. एका सेकंदात, सगळ्यांच्या आधी. रविवारची सकाळ, पावणेबारा वाजत आलेले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, बाजूला अर्धा प्यालेला चहा, आणि मी नाव सांगून मोकळा. वर पुस्ती जोडली की गोदामातली मारामारी आहे, इंटरव्हलच्या आधीची. आमच्या खेळात सीन ओळखला तर एक मार्क जास्त मिळतो, तोही सोडवला नाही. नंतर दिवसभर मी स्वतःला सांगत राहिलो की तोंडातून नाव आधी निघालं आणि आवाज कशाचा होता ते मागाहून कळलं. साफ खोटं. कळलं होतं. कळलं म्हणूनच एवढी घाई केली. पिक्चरमध्ये कानाखाली बसते तेव्हा आवाज फुटतो, मोठा होतो, हवेत जरा वेळ राहतो, कारण तो नंतर कुणीतरी स्टुडिओत बसून भरलेला असतो. खरा आवाज लहान असतो. दबका आणि ओला. तो आला कधी आणि संपला कधी ते कळत नाही, आणि त्याच्यामागून संगीत येत नाही. त्या दिवशी लॅपटॉपमधून आला तो असा होता. मागून खुर्ची सरकली, काचेचं काहीतरी जमिनीवर गडगडत लांब गेलं, आणि एका बाईनं श्वास आत घेतला. बाहेर सोडला नाही. तीन सेकंदांचा ऐवज, आणि आम्ही तिघं त्यावर तुटून पडलो.

आम्ही एकूण चौघं. एका रेडिओच्या कोड्यांच्या पानावर ओळख झाली आणि दोन वर्षं दर रविवारी अकरा ते एक आम्ही खेळतो. एकानं पिक्चरचा, गाण्याचा, मालिकेचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा वाजवायचा, बाकीच्यांनी ओळखायचा. कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. चौघांत वयानं थोर म्हणजे बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. मार्क त्या मांडतात आणि नियमही त्यांचेच. डबलरोल औषधांच्या दुकानात असतो. सुरुवातीला हा पठ्ठ्या दोन नावांनी खेळायला बसायचा आणि एका नावानं दुसऱ्याला शाबासकी द्यायचा, पकडला गेला, नाव चिकटलं. टायटलला पिक्चरच्या सुरुवातीच्या पाट्या तोंडपाठ असतात, वेशभूषा कुणाची, ध्वनिमुद्रण कुणाचं, थेट आभारांपर्यंत. आणि मी कानसेन. नियम दोनच. पहिला, कुणी कुणाचं नाव, पत्ता, फोन विचारायचा नाही. दुसरा डबलरोलच्या कृपेनं आला. तो माइक बंद करून उत्तरं शोधायचा, म्हणून बाईंनी ठरवलं की खेळ संपेपर्यंत माइक बंद करायचा नाही. ज्याचा बंद होईल त्याचा डाव गेला. कळफलकाची टकटक झाली तर सगळ्यांना ऐकू यायला हवी. त्यामुळे झालं असं की चेहरे ठाऊक नसलेल्या या माणसांची घरं मला कानानं पाठ झाली. बाईंचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे. डबलरोलकडे कुणीतरी सतत भांडी घासत असतं. टायटलचा फ्रिज बंद होताना थरथरतो, आणि अधूनमधून तिच्या दाराबाहेर लिफ्ट थांबते आणि मजल्याची घंटा वाजते. टिंग-टाँग.

ती घंटा मी बसवली आहे. मी लिफ्टची देखभाल करतो, शहरातल्या एकसष्ट इमारती माझ्याकडे आहेत. त्या इमारतीतली मूळ घंटा जळाली तेव्हा कंपनीकडून नवी येईना, मग भंगारात काढलेल्या एका लिफ्टची मी तिथे जोडली. तिचा दुसरा सूर उतरलेला आहे. टिंग बरोबर लागतं आणि टाँग खाली घसरतं, दमलेल्या माणसानं पिशवी टेकवावी तसं. अशी घंटा शहरात दुसरी नाही. म्हणजे टायटल कुठल्या इमारतीत राहते हे मला वर्षभर ठाऊक होतं, आणि मी कुणाला, तिलाही, बोललो नव्हतो. नियम होता. आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटायची. महिन्याच्या तपासणीला तिथे गेलो की मजल्यामजल्यावरच्या बंद दारांकडे बघायचो, यातलं कुठलं असेल, आणि वर मशीनच्या खोलीत तेल घालताना उगाच शीळ घालायचो. चाळिशी उलटलेल्या माणसाला न शोभणारं होतं ते, पण होतं. ज्याचा अभिमान वाटावा असं माझ्याकडे कानांशिवाय काही नाही. लिफ्टच्या डब्यात डोळे मिटून उभा राहिलो तर कुठल्या मजल्यावर रूळ सरकलाय, ब्रेकचा पट्टा किती झिजलाय, ते सांगतो. आणि या कानांना महिनोन्महिने टायटलच्या घरातून बाकीचंही ऐकू येत होतंच. बोलता बोलता मध्येच तोडलेलं वाक्य. चावी कुलुपात फिरली की तिचं भराभर बोलणं. एकदम मोठ्या आवाजात सुरू झालेला तुकडा, ज्याच्यावर डबलरोल करवादायचा, "अगं कान फुटले, हळू की जरा." ते सगळं मी ऐकलं आणि ऐकून ठेवून दिलं.

त्या रविवारी पाळी तिचीच होती. "ऐका हं," ती म्हणाली, आणि वाजवायच्या आधीच तो आवाज आला. मी नाव सांगितलं. डबलरोल म्हणाला, "छट्, गोदाम कसलं, हा तर त्या जुळ्या भावांचा." बाईंनी दोघांनाही खोडून काढलं, त्यांच्या मते तो कृष्णधवल होता आणि खलनायिका जिन्यावर उभी असते तो प्रसंग. आणि टायटल म्हणाली, "चूक. सगळ्यांचंच चूक. पाच मार्क माझे." आवाज नेहमीसारखा, फक्त ओठांवर काहीतरी दाबून धरून बोलल्यासारखा. बाईंनी पाच मार्क मांडले. डबलरोल म्हणाला, "मग आहे तरी कुठला?" ती म्हणाली, "पुढच्या रविवारी सांगते." आणि तिनं माइक बंद केला नाही. पुढचे तीन डाव खेळली, त्यातला एक जिंकली.

लॅपटॉप मिटला तेव्हा आई दाराशी उभी होती. आई डाव्या कानानं पार बहिरी आहे, उजवा पुढे करून ऐकते. तिनं विचारलं, "कोण मारतंय?" कसला आवाज होता, असं नाही विचारलं. कोण मारतंय. मी म्हणालो, "कुणी नाही गं. पिक्चर होता." आईनं माझ्याकडे पाहिलं, तिच्या डोळ्यांत राग वगैरे काही नव्हता, ती नुसती म्हणाली, "बरं." आणि माझा कप उचलून बेसिनमध्ये नेऊन ठेवला. त्या 'बरं'नं माझी कातडी सोलली. कारण 'पिक्चर होता' हे वाक्य तिनंच मला शिकवलेलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो, बाबा संध्याकाळी घरी यायचे, चपला जागेवर लावायचे, हात धुवायचे, आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे. आवाज वाढला की मी पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत जाऊन बसायचो. समोर टीव्हीवर काहीतरी चालू असायचं आणि आतल्या खोलीत आई. दोन्ही आवाज एकाच वेळी कानात यायचे आणि मी त्यातला एक निवडायचो. जीव तोडून निवडायचो. कुठलं गाणं, कुणी म्हटलंय, पिक्चर कुठला, वाद्य कोणतं, आणि तेवढ्यात ते दुसरं संपेल. अशी लागली मला गोडी. लोक म्हणतात देणगी आहे. शेजारच्या काकू दार वाजवायच्या, मी दार फटीएवढं उघडायचो आणि म्हणायचो, "पिक्चर लागलाय, काकू." एकदा त्यांनी विचारलं, "कुठला रे?" मी सांगितला. नाव बरोबर होतं, आमच्या भिंतीतून त्यांनाही ऐकू जात होता तोच. काकू गेल्या. मग बाबा बाहेर यायचे, टीव्हीचा आवाज कमी करायचे, आणि अगदी मऊ, समजावणीच्या सुरात म्हणायचे, "झालं. संपलं." त्यांच्या दृष्टीनं खरोखर संपलेलं असायचं. ते पाणी प्यायचे.

तो आठवडा माझ्या हातांनी काढला, मी नाही. सोमवारी एका दवाखान्याच्या लिफ्टचं दार अडकलं होतं, हलक्या हातानं सुटलं असतं, मी पान्यानं ठोकून त्याची पट्टी वाकवली. मंगळवारी एका गृहस्थांनी, लिफ्ट कधी सुरू होणार, एवढंच तिसऱ्यांदा विचारलं. माझ्या हातात पेचकस होता आणि त्यांच्या गळ्यातली शीर मला स्पष्ट दिसत होती. मी वर मशीनच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. तिथे दोर चाकावरून सरकत असतात, हजार किलो वजन वर जातं खाली येतं, बोट अडकलं तर हाडाचा चुरा होईल, आणि मी तिथे बसून विचार करत होतो तो टायटलच्या घरातल्या त्या माणसाच्या बोटांचा. त्याचा चेहरा ठाऊक नव्हता, म्हणून मी बनवला. मान जाड, मनगटं केसाळ, बाबांपेक्षा वीतभर उंच. त्याला मी त्या चाकाखाली घातला, जिन्यावरून ढकलला, त्याचं डोकं दाराच्या चौकटीत धरून दार मिटलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, आणि त्या बरं वाटण्याची मला शिसारी आली. माझं लग्न चार वर्षं टिकलं. मी बायकोवर कधी हात उचलला नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. राग आला की भिंतीवर मूठ मारायचो. ती जाताना म्हणाली होती, "भिंती चार आहेत. मी उभी असते त्याच भिंतीवर का मारतोस?" मी तिला खूप समजावलं होतं. काय समजावलं ते आठवत नाही, भिंतीचे उडालेले पोपडे आठवतात. शुक्रवारी मी पोलिसांचा नंबर फिरवला. पलीकडून विचारलं, कुणाच्या घरी, काय नाव, कोणता मजला, तुम्ही पाहिलंत का. मी म्हणालो, ऐकलं. कुठे ऐकलं? खेळात, म्हणालो. मग मीच फोन ठेवला. खरं तर इमारतीचा पत्ता होता माझ्याकडे, तोही दिला नाही. ते काम मला दुसऱ्या कुणाला द्यायचं नव्हतं.

आणि एक गोष्ट त्या आठवड्यात मला उमगली, ती आधी उमगायला हवी होती. दोन वर्षांत टायटलचा एकही रविवार चुकला नव्हता. तापात खेळली, आवाज बसलेला असताना खेळली. डाव संपला की आम्ही कंटाळून निघायचो आणि ती म्हणायची, "अजून एक, फक्त एक." आम्हाला वाटायचं, काय नाद आहे हिला. अकरा ते एक तिचा माइक उघडा असायचा आणि तीन घरांतली माणसं ऐकत असायची. ते दोन तास तिला कुणी हात लावत नसणार. आमचे मार्क, आमची भांडणं, डबलरोलचे पाचकळ विनोद यांच्या आडोशाला ती आठवड्यातून दोन तास सुखरूप बसत होती, आणि मागच्या रविवारी तो आडोसाही गेला होता. त्यानं उघड्या माइकसमोर मारलं आणि बाहेरून काय आलं, तर तीन पिक्चरची नावं. आता त्याला कळलं होतं की ऐकू गेलं तरी चालतं.

रविवारी मी कंपनीचा शर्ट घातला, हत्यारांची पिशवी घेतली. आई म्हणाली, "आज खेळ नाही?" मी म्हणालो, "काम आलंय." अकराला फोनवरून खेळात शिरलो, एका कानात इअरफोनचं बोंडूक, फोन वरच्या खिशात, माइक चालू. त्या इमारतीच्या लिफ्टमध्ये उभा होतो. बाईंनी हजेरी घेतली. टायटलनं ओ दिली. मला तिचा मजला ठाऊक नव्हता, पण तो काढणं माझ्या धंद्यातलंच होतं. त्या लिफ्टची घंटा लिफ्ट थांबते त्याच मजल्यावर वाजते, वरखाली घरांत ऐकू जात नाही. मी पहिल्या मजल्याचं बटण दाबलं. टिंग-टाँग. बोंडुकात काही नाही. दुसरा. टिंग-टाँग. काही नाही, फक्त बाईंचं घड्याळ. तिसरा, काही नाही. चौथ्याला दार उघडलं, घंटा वाजली, आणि अर्ध्या सेकंदानं तीच घंटा माझ्या कानात, तिच्या घरातून फिरून आली. टाँग घसरलेलं. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा, लाज वाटते सांगायला. मी ओळखलं होतं. मजल्यावर तीन दारं होती आणि डावीकडच्या दारामागे रेडिओच्या जुन्या जाहिरातीचा तुकडा वाजत होता.

एवढं सगळं मी जोखलं होतं आणि एक गोष्ट विसरलो होतो. माझाही माइक उघडा होता.

"थांबा थांबा," डबलरोल म्हणाला, "आत्ता ती घंटा दोनदा वाजली. एक टायटलकडे आणि एक कानसेनकडे." बाई म्हणाल्या, "मलाही ऐकू आली. तीच घंटा." डबलरोल हसला. "काय हो कानसेन, पोचलात वाटतं टायटलच्या घरी? नियम तोडला, पाच मार्क कापा याचे." हे तो गमतीत म्हणाला, त्याच्या जिभेला हाड नाही, पण ते तिच्या लॅपटॉपमधून मोठ्यानं तिच्या घरात वाजलं. दारामागची जाहिरात बंद झाली. एक पुरुषाचा आवाज म्हणाला, अगदी शांतपणे, "कोण पोचला?" ती म्हणाली, "गंमत करतायत ते." तो म्हणाला, "पत्ता दिलास?" आणि मग तो आवाज आला. दारातून आणि अर्ध्या सेकंदानं कानातून. मग पुन्हा. दारातून, कानातून. माझ्यामुळे. मी आलो नसतो तर तो आवाज आत्ता झाला नसता, हे मला घंटेइतकं स्वच्छ समजलं, आणि समजून मी दाराच्या घंटीवर अंगठा दाबून धरला.

दार त्यानंच उघडलं. किरकोळ माणूस. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, उजव्या हाताची बोटं तो डाव्या हातानं चोळत होता. माझ्या शर्टाकडे पाहून म्हणाला, "लिफ्ट तर चालू आहे." त्याचा सूर इतका सभ्य होता की क्षणभर मी 'हो' म्हणणार होतो. त्याच्या खांद्यावरून आतली खोली दिसली, टेबल, लॅपटॉप, खुर्ची आडवी, आणि भिंतीला पाठ लावून उभी असलेली ती, डावा कान तळहातानं झाकलेली. मी मारलं. पहिल्या फटक्यात चष्मा गेला. दुसऱ्यात तो मागे टेबलावर आदळला आणि खाली बसला, तिसरा मी खाली वाकून मारला, चौथा त्यानं हात तोंडावर घेतले त्या हातांवरून. नाकाचं हाड मोडलं ते मला बोटांत कळलं. तो ओरडला नाही, फक्त "अहो, अहो" म्हणत राहिला. बोंडूक कानातून पडलं होतं. आणि प्रत्येक फटक्याचा आवाज लहान होता, दबका, ओला, आणि माझ्या खिशातून निघून अर्ध्या सेकंदानं टेबलावरच्या लॅपटॉपमधून पुन्हा येत होता.

मी थांबलो तो लॅपटॉपमधून आलेल्या आवाजामुळे. "हां, हा मागच्या वेळचाच," डबलरोल म्हणत होता, "जुळ्या भावांचा, शेवटची मारामारी. या वेळी लांबचा तुकडा दिलाय." बाई म्हणाल्या, "शेवटची नाही, मधली. कानसेन, तुम्ही बोला की. आज गप्प का?"

टायटल भिंतीपासून निघाली. माझ्याजवळून जायला लागू नये म्हणून तिनं आडव्या खुर्चीला वळसा घातला. ती माइकपाशी वाकली. "बाई," ती म्हणाली, "हा पिक्चर नाही. मागच्या रविवारचाही नव्हता." पलीकडे कुठेतरी भांडी घासणं थांबलं. घड्याळ चालू होतं. मग बाईंनी, ज्यांनी तो नियम केला त्याच बाईंनी, वर्गात विचारावं तशा खणखणीत आवाजात विचारलं, "पत्ता सांग." तिनं सांगितला. नाव, मजला, दार, सगळं. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही तिचं नाव ऐकलं. डबलरोल नुसता "मी लावतो फोन, मी लावतो" म्हणत होता, आणि त्याचा आवाज फाटला होता.

मला तिला धीर द्यायचा होता. माझी मूठ सोललेली होती, पायाशी तो माणूस कण्हत होता, आणि मला खरोखर एवढंच सांगायचं होतं की आता भ्यायचं कारण नाही. मी आवाज जमेल तेवढा मऊ केला. म्हणालो, "झालं. संपलं."

अर्ध्या सेकंदानं ते शब्द लॅपटॉपमधून परत आले. एवढासा तुकडा, दोनच शब्द. तो आवाज माझा नव्हता. मी पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत होतो आणि बाहेर कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी करत होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. कानसेन कोण ते तिला आवाजावरून कळलं असणारच, तिचाही कान चांगला आहे. तिनं हात पुन्हा डाव्या कानावर नेला, माझ्यावरची नजर न काढता माइककडे वाकली आणि म्हणाली, "बाई, लवकर पाठवा कुणाला तरी. इथे आता दोघे आहेत."